नसलेला झोका

सकाळी डाव्या कुशीवर वळताना खोलीचं छत तिच्याबरोबर वळलं आणि ती थांबली तरी ते थांबेना. तिने दोन्ही हातांनी गादीची कड धरली. पंखा बंद होता, पण अख्खा पंखाच कपाटाच्या दिशेने सरकत होता, जागेवर येत होता, पुन्हा सरकत होता. डोळे मिटले तर अंधारही फिरायला लागला, म्हणून ते उघडे ठेवून तिने मनात आकडे मोजले. बाविसाव्या आकड्याला पंखा आपल्या जागी मुकाट लटकला. मग मळमळ आली, मानेच्या मागून कुठून तरी, तोंडाला पाणी सोडत. न्हाणीघराच्या दारात नवरा अर्ध्या गालाला फेस लावून उभा होता. तो चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवायचा, आणि जगातली निम्मी दुखणी चुकीच्या नंबरामुळे होतात असं त्याचं पक्कं मत होतं. "पुन्हा गरगरलं ना? नंबर वाढलाय तुझा. दुकानात ये, दोन मिनिटांत बघतो," तो म्हणाला. "मला लांबचं चांगलं दिसतं." "दिवसभर लांबचंच बघतेस, म्हणून तर जवळचं बिघडलं." ती हसली आणि हळूच, मान न हलवता, उठून बसली.

आठ दिवसांत हे चौथ्यांदा झालं होतं. घरात बसून काम असतं तर तिने ते अंगावर काढलं असतं, पण ती उंच क्रेन चालवायची. बेचाळीस मीटर सरळ उभी शिडी, वर काचेची खोली, खोलीत एक खुर्ची, खुर्चीच्या दोन्ही हातांवर एकेक दांडा, आणि पायांखालीसुद्धा काच. त्या काचेतून खाली बघायचं आणि मुठीएवढ्या दिसणाऱ्या माणसांच्या मधोमध दोन टन लोखंड अलगद ठेवायचं. अकरा वर्षं ती हे करत होती. कामावर तिला सगळे वरच्या बाई म्हणत. सुरुवातीला लोक मुद्दाम वर मान करून बघत, पैजा लावत, की महिन्याभरात खाली येते की नाही ही. ती आली नाही. उशिरा पोचायचं नाही, आजारी पडायचं नाही, काही मागायचं नाही, हे तिने पहिल्याच दिवशी स्वतःशी ठरवून टाकलं. पुरुषाला चक्कर आली तर त्या एका माणसाला येते; तिला आली तर समस्त बायकांना चक्कर येते, अशी तिथली रीत होती. म्हणून 'बरं वाटत नाही' हे तीन शब्द तिने अकरा वर्षांत तिथे एकदाही उच्चारले नव्हते.

कारणं मात्र सगळ्यांकडे तयार होती. उचलली जीभ, लावली टाळ्याला. वरच्या मजल्यावर राहणारी नणंद म्हणाली, "वहिनी, रिकाम्या पोटी जातेस, पित्त खवळेल नाहीतर काय होईल?" शेजारणीने मानेच्या मणक्याचं कारण काढलं. आईने फोनवर रक्त कमी झाल्याचं निदान केलं आणि वर तिच्या नवऱ्यालाच दोन शब्द सुनावले. तिचं स्वतःचं एक कारण होतं, ते पाण्याचं. शिडी उतरायला बारा मिनिटं आणि चढायला पंधरा. मध्येच खाली यावं लागू नये म्हणून ती सकाळपासून पाण्याचा घोटही घेत नसे. उन्हात ती काचेची खोली भट्टीसारखी तापे आणि दुपारपर्यंत जीभ टाळूला चिकटे. या एका कारणाने चक्कर येऊ शकते हे तिला कळत होतं. पण त्याहून वेगळं एक कारण होतं, आणि ते तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. पाळी चुकून सात आठवडे झाले होते. तिला त्रेचाळिसावं चालू होतं.

बारा वर्षांपूर्वी अशीच मळमळ अकरा आठवडे तिच्या सोबतीला होती. तेव्हा ती एका गोदामात नोंदी ठेवायची. साबणाचा वास, ओल्या पुठ्ठ्याचा वास, नवऱ्याच्या शर्टाचा वास, सगळ्यांनी पोटात ढवळायचं आणि ती वैतागायची. मग एका सकाळी मळमळ गेली. किती हलकं वाटलं होतं! ती पोटभर जेवली, खिडक्या पुसल्या, गाणं गुणगुणली, नवऱ्याला म्हणाली, "आज मला फार बरं वाटतंय." तिसऱ्या दिवशी दवाखान्यात कळलं की बरं वाटायला लागलं तेव्हाच सगळं संपलं होतं. त्या मुलाचं काहीच मागे राहिलं नव्हतं, नाव नाही, फोटो नाही, एक झबलंसुद्धा नाही. होती ती फक्त मळमळीची आठवण. पुढच्या वर्षी तिने गोदाम सोडून क्रेनचं शिक्षण घेतलं, आणि का घेतलं असं कुणी विचारलं की वर हवा चांगली असते असं सांगायची. आता बारा वर्षांनी ते तोंडाला सुटणारं पाणी ओळखीचं वाटत होतं. तपासणीची पट्टी औषधाच्या दुकानात मिळते, पाच मिनिटांचं काम, हे न कळायला ती काही दुधखुळी नव्हती. तिला ती पाच मिनिटंच नको होती. सकाळी छत फिरायला लागलं की भीतीच्या तळाशी कुठेतरी तिला आनंद व्हायचा, आणि असा आनंद होतोय याचीच तिला जास्त भीती वाटायची.

खाली झेंडेमामा होते. पूर्वी वॉकीटॉकी नव्हते तेव्हा ते लाल-हिरवे झेंडे हलवून क्रेनला इशारे देत, ते नाव तसंच चिकटलं. साठीला टेकलेले, एकटे राहणारे, अंगात कायम एकच निळा स्वेटर. वर बसलेल्याला भिंतीमागचं दिसत नाही. तिथे मामांचा आवाज हेच तिचे डोळे. "हळू. हळू. अजून वीतभर. थांब पोरी." अकरा वर्षांत त्यांची वीत चुकली नव्हती. सोमवारी सकाळी सिमेंटच्या गोदामामागे ती ओकत असताना मामा अचानक समोर आले. ती तोंड पुसून उभी राहिली, एक हात नकळत पोटावर. मामांनी त्या हाताकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की तिला ओशाळल्यासारखं झालं. "गोड बातमी आहे का गं?" त्यांनी हळूच विचारलं. ती हसली. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. नुसतं हसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं तिने शिडी चढताना स्वतःला समजावलं. खालून वॉकीटॉकीवर मामांचा आवाज आला, "सावकाश चढ. घाई नाही कसली."

गुरुवारी दुपारी ते घडलं. क्रेनवाल्यांची एक युक्ती असते, तिला ते झोका खाणं म्हणतात. टांगलेलं ओझं झुलायला लागलं की थांबायचं नाही. ते ज्या बाजूला जाईल त्याच बाजूला क्रेनचा हात पुढे न्यायचा आणि बरोबर त्याच्या डोक्यावर जाऊन उभं राहायचं, की झोका आपोआप मरतो. नवखा माणूस उलट्या बाजूला ओढतो आणि झोका वाढवतो. ती झोका खाण्यात इतकी तरबेज होती की डोळ्यांना दिसायच्या आत तिचा हात दांड्यावर फिरलेला असे. त्या दिवशी सळयांची मोळी आकड्याला लटकत होती, शांत, नवव्या मजल्याच्या फळ्यांपासून दोन हात लांब. ती डावीकडे वाकून पायांखालच्या काचेतून बघत होती. आणि मोळी सरकली. मोळीबरोबर इमारत सरकली, रस्ता सरकला, सगळं डावीकडे वाहायला लागलं. एवढं सगळं एकदम सरकत नसतं, हे कळायला एक क्षण पुरला असता, पण हात तेवढाही थांबला नाही. अकरा वर्षांच्या सवयीने त्याने नसलेला झोका खाल्ला. क्रेनचा हात गेला, शांत मोळीला हिसका बसला, आणि आता ती खरीखुरी झुलली. फळ्यांवर आपटली. एक फळी निखळली. एका फिटरने बाजूला उडी घेतली, तरी सळईचं टोक त्याचा खांदा फाडून गेलं. मामा ओरडत होते, "थांब! थांब! वर काय झालं?" तिने दांडे सोडून दोन्ही हातांनी खुर्ची धरली होती. अठरा, एकोणीस, वीस. इमारत जागेवर आली. "वारा," ती वॉकीटॉकीत म्हणाली. "एकदम वारा आला."

हे तोंडातून गेलं आणि तिची नजर समोरच्या मीटरवर पडली. वर वाऱ्याचं मीटर असतं, आणि ते प्रत्येक मिनिटाची नोंद ठेवतं. काटा शून्याला चिकटून बसला होता. ती शिडी उतरायला लागली. प्रत्येक दांडीवर ती एक वाक्य जुळवत होती. साहेब, मला चक्कर आली. साहेब, थोडंसं गरगरलं. साहेब, आठ दिवसांपासून होतंय, मी सांगितलं नाही. शेवटचं वाक्य खरं होतं आणि तेच तोंडात येईना. आठ दिवस ती गरगरणारं डोकं घेऊन लोकांच्या टाळक्यावर लोखंड फिरवत होती. त्या फिटरला दोन लहान मुली होत्या, एकदा तो त्यांना क्रेन दाखवायला घेऊन आला होता, आणि तिने वरून हात हलवला होता. बारा मिनिटं उतरून ती खाली पोचली तेव्हा फिटरला गाडीत घालून नेलं होतं, इंजिनियरसाहेब कपाळाला हात लावून उभे होते आणि मामा त्यांच्यासमोर मान खाली घालून सांगत होते, "चूक माझी, साहेब. उजवीकडे म्हणायचं ते मी डावीकडे म्हणालो. पोरीने ऐकलं तसं केलं." साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. "खरं आहे का, बाई?" मामांनी तिच्याकडे बघितलंच नाही. ते मान वर न करता, एका हाताने तिला गप्प राहायची खूण करत होते, तीच खूण, जी ते रोज क्रेनला थांबवायला करत. ती थांबली. दहा मिनिटांत मामांनी आपला वॉकीटॉकी टेबलावर ठेवला आणि ते फाटकातून बाहेर पडले.

तपासणीसाठी क्रेन दोन दिवस बंद होती. शुक्रवारभर ती घरात येरझाऱ्या घालत राहिली. भांडी घासलेली पुन्हा घासली. खाली वाकलं की फिरायचं, वर शेल्फाकडे बघितलं की फिरायचं, म्हणून ती पुतळ्यासारखी मान ताठ धरून वावरत होती आणि नवरा विचारत होता, "भांडलीस का कुणाशी?" मामांनी हे का केलं हे तिला चांगलं ठाऊक होतं, आणि त्यामुळेच तिचं ताट तसंच राहत होतं. त्यांनी तिला वाचवलं नव्हतं. तिच्या पोटात आहे असं त्यांना वाटत होतं त्याला वाचवलं होतं. आणि ते आहे का? असलं तर निदान काहीतरी खरं ठरेल, असा एक लबाड विचार तिच्या मनात आला आणि गेला नाही. शनिवारी ती नवऱ्याला न सांगता दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाई तिच्याच वयाच्या, घाईतल्या, पण ऐकून घेणाऱ्या होत्या. किती वेळ फिरतं, कुठल्या कुशीवर, ऐकू कमी येतं का, डोकं दुखतं का, कुठली औषधं, पाळी कधी. रक्तदाब बघितला, बोटाला टोचून साखर बघितली. "आधी एक शंका मिटवून टाकू," म्हणाल्या आणि हातात छोटी बाटली दिली. ती बाहेरच्या बाकावर पाच मिनिटं बसली. समोरच्या भिंतीवर हात धुण्याच्या सूचना होत्या, त्या तिने चार वेळा वाचल्या. आत बोलावून डॉक्टरीणबाई सहज म्हणाल्या, "नाही, दिवस गेलेले नाहीत. या वयात पाळी मागेपुढे व्हायचीच." "पुन्हा बघता येईल का?" तिने विचारलं. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता दुसरी पट्टी फोडली. त्या पट्टीचंही उत्तर तेच होतं. मग तिला पलंगावर बसवून, मान डावीकडे वळवून, एकदम मागे आडवं केलं. छत भिरभिरलं. डॉक्टरीणबाई तिच्या डोळ्यांत रोखून बघत होत्या. "सापडलं," त्या म्हणाल्या. "कान आहे. कानाच्या आत खडूच्या भुकटीसारखे कण असतात, ते जागेवरून सुटून भलत्या नळीत शिरले की मेंदूला वाटतं आपण फिरतोय. डोक्याला काही लागलं होतं?" लागलं होतं. महिन्यापूर्वी वरच्या खोलीच्या चौकटीवर टोपीसकट डोकं आपटलं होतं, चांगलं सणसणीत, आणि ती स्वतःवरच हसली होती. "मग तेच असावं. घाबरू नका," म्हणत त्यांनी तिचं डोकं धरून एका बाजूने दुसरीकडे, मग कुशीवर, मग उठवून बसवलं, मध्ये प्रत्येक वेळी अर्धं मिनिट थांबत. दुसऱ्या खेपेला छत हललं नाही. मळमळ ओसरली. "कसं वाटतंय?" "बरं वाटतंय," ती म्हणाली, आणि या वाक्याने तिच्या छातीत कळ उठली.

रविवारी ती घरभर मान फिरवून बघत होती. डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. सगळं जिथल्या तिथे. दहा मिनिटांचं काम, आणि काखेत कळसा गावाला वळसा घालत तिने आठ दिवस घालवले होते. आता कुणाला काही सांगायची गरजच उरली नव्हती. आजार गेला, पुरावा गेला, चूक दुसऱ्याच्या नावावर लागली. सोमवारी सात वाजता शिडी चढायची, खाली नवा माणूस असेल, त्याच्या आवाजाची सवय होईल. मामांना दुसरीकडे काम मिळेलच की, एवढे जुने. त्यांनी स्वतःहून केलं, तिने थोडंच सांगितलं होतं? तिने मनातल्या मनात स्वतःची वकिली इतकी छान केली की तिला स्वतःचीच किळस आली. रात्री ती जेवण वाढत असताना नवऱ्याने विचारलं, "गरगरणं कसंय?" तिने त्याला सगळं सांगितलं: कान, फिटर, मामा, सात आठवडे. सात आठवड्यांपाशी तो जेवायचा थांबला. "मला नाही सांगितलंस?" एवढंच म्हणाला. मग म्हणाला, "उद्या आधी साहेबांकडे जा. वर मागाहून."

वर मागाहून जाणं झालंच नाही. साहेबांनी उभ्या उभ्या सगळं ऐकून घेतलं. वाऱ्याची नोंद त्यांच्या टेबलावरच पडलेली होती, आणि तिचं बोलणं संपल्यावर त्यांनी ती उलटी करून ठेवली. "कानाचं दुखणं कुणालाही होतं," ते म्हणाले, "पण आठ दिवस तुम्ही लपवलंत, बाई. आणि बाहेर लोक कान म्हणणार नाहीत." "काय म्हणतील?" "ते मी तुम्हाला सांगायला हवं का?" त्यांनी मोठ्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागितलं, चौकशी होईल म्हणाले, आणि तोवर केबिनची किल्ली ठेवून घेतली. ती परत मिळेल की नाही ते त्यांना माहीत नव्हतं, तिलाही नव्हतं. तिने फक्त मामांचं विचारलं. "दुपारपासून येऊ दे," साहेब म्हणाले. "पण त्या म्हाताऱ्याने खोटं का सांगितलं?" ती दाराकडे वळली. आवारातून बाहेर पडताना दोघंतिघं काम थांबवून तिच्याकडे बघत होते. तिने मान वर केली नाही, क्रेनकडेही बघितलं नाही.

मामांची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. दार उघडून त्यांनी तिला बघितलं आणि ओरडलेच. "अगं, जिना चढून कशाला आलीस? निरोप धाडायचास!" त्यांनी खोलीतली एकुलती एक खुर्ची ओढली, पलंगावरची उशी तिच्या पाठीशी लावली, पाण्याचा पेला भरून हातात दिला. "पी आधी. आणि वर काम करतानाही पीत जा, आता पाण्यावाचून राहायचं नाही." तिने पेला खाली ठेवला. "मामा, साहेबांनी तुम्हाला बोलावलंय. दुपारपासून कामावर." "ते कसं काय?" "मी सांगितलं त्यांना. चूक माझी होती म्हणून." मामांचा चेहरा पडला. "वेडी आहेस का? तुला वर सोडतील आता? चार महिने कसेबसे निघाले असते, मग तू आपणहून रजा घेतली असतीस..." "मामा, तसं काही नाहीये," ती म्हणाली. "कान होता. कानातलं दुखणं. ते बरंही झालं."

मामांचा हात अजून उशीवर होता. "तपासलं?" "हो." "नीट तपासलं?" "दोनदा." त्यांनी हात काढून घेतला आणि पलंगाच्या कडेवर बसले. मग मामा जमिनीकडे बघत म्हणाले, "माझ्या बायकोने सातव्या महिन्यापर्यंत विटा वाहिल्या. मी समोर झेंडे घेऊन उभा. एकदा तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, ती बसली. मुकादमाने विचारलं, काय झालं हिला? मी म्हणालो, काही नाही, नाटकं करते. सगळे हसले. तीसुद्धा उठून हसली. ते मूल राहिलं नाही." त्यांनी स्वेटरच्या बाहीने तोंड पुसलं. "त्या दिवशी मला विचार करावाच लागला नाही. आपोआप निघालं तोंडातून."

"मला तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "सोमवारीच. तुम्ही विचारलंत तेव्हा. मला नक्की ठाऊक नव्हतं मामा, पण मला हवं होतं. म्हणून मी हसले." "मला कळलं होतं, हवंय ते," मामा म्हणाले. ते रागावले नव्हते, आणि रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. "काम गेलं होतं गं माझं. या वयात दुसरं कोण देतंय? पण खरं सांगू, हे चार दिवस मी फार आनंदात होतो."

"मीही होते," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. बारा वर्षांपूर्वी दवाखान्यातून परतताना नवऱ्याला वाईट वाटेल म्हणून ती रडली नव्हती, नंतर कामात वेळ मिळाला नव्हता, आणि त्यानंतर फार उशीर झालाय असं वाटत गेलं होतं. आता ती एका परक्या माणसाच्या खोलीत, पाठीशी उशी घेऊन, शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतकं मोठ्याने रडली. मामांनी उठून दार लोटून घेतलं आणि तिच्यासमोर येऊन बसले. त्यांनी तिला गप्प हो म्हटलं नाही.